बाहेरची स्कॉलरशिप मिळाली की कॉलेज ग्रँट कापतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतलं ग्रीन कार्डवरचं कुटुंब, मुलीला एका खाजगी कॉलेजात प्रवेश मिळालाय. कॉलेजच्या अवॉर्ड लेटरमध्ये वर्षाचा एकूण खर्च ८६,००० डॉलर, कुटुंबाचा एसएआय (कुटुंबाची ऐपत मोजणारा सरकारी आकडा) २४,०००, कॉलेजची ग्रँट (परत न फेडायची मदत) ५६,०००, सब्सिडाइज्ड लोन (शिकत असेपर्यंतचं व्याज सरकार भरतं ते) ३,५०० आणि वर्क-स्टडी (कॅम्पसवर काम करून कमवायचे पैसे) २,५००. त्यानंतर मुलीला बाहेरून तीन स्कॉलरशिप मिळाल्या : वडिलांच्या कंपनीची ५,०००, महाराष्ट्र मंडळाची २,००० आणि टाउनमधल्या एका क्लबची १,०००. मित्रांनी सल्ला दिला की कॉलेजला कळवाल तर ते तेवढीच ग्रँट कापतील, गप्प बसा. वडील विचारताहेत, हे खरं आहे का, आणि या ८,००० पैकी आमच्या हाती नक्की काय पडणार?

मित्रांचं अर्धं बरोबर आहे. काहीतरी कमी होणार हे जवळजवळ नक्की. पण अवॉर्ड लेटरमध्ये तीन ओळी आहेत, ग्रँट, लोन आणि वर्क-स्टडी, आणि कमी यातली कुठली ओळ होते त्यावर सगळं अवलंबून आहे. लोन कमी झालं तर तुमचा फायदा. ग्रँट कमी झाली तर मुलीने लिहिलेल्या निबंधांचं फळ कॉलेजच्या तिजोरीत गेलं. त्यामुळे ‘कापतात का?’ असं न विचारता ‘काय कापतात आणि कुठल्या क्रमाने?’ असं विचारायचं.

आधी हिशेबाची जात समजून घेऊ. फाफ्सा (फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज) भरल्यावर जो एसएआय येतो, म्हणजे स्टुडंट एड इंडेक्स (२०२३-२४ पर्यंत याच जागी ईएफसी होता), त्याला बरेच पालक ‘आम्हाला भरायचं बिल’ समजतात. ते बिल नाही, गरज मोजायचा आकडा आहे. एकूण खर्चातून एसएआय वजा केला की उरते ती तुमची गरज. तुमच्या बाबतीत ८६,००० वजा २४,००० म्हणजे ६२,०००. आता लेटरमधल्या तीन ओळींची बेरीज करा : ५६,००० अधिक ३,५०० अधिक २,५००, बरोबर ६२,०००. म्हणजे हे कॉलेज तुमची पूर्ण गरज भागवतंय. ही बेरीज पहिल्यांदा करून पाहणं फार महत्त्वाचं, कारण पुढचं उत्तर इथेच फाटा घेतं.

बाहेरची स्कॉलरशिप या हिशेबात गरजेच्या बाजूने वजा होते. एसएआयमधून वजा होत नाही. लोकांचा नेमका इथे भ्रमनिरास होतो. त्यांना वाटतं, आम्हाला २४,००० भरायचे होते, ८,००० मिळाले, आता १६,००० भरू. तसं होत नाही. नियमाच्या भाषेत मुलीची गरज ६२,००० वरून ५४,००० झाली, आणि गरजेवर आधारित फेडरल मदत त्या गरजेच्या वर जाऊ द्यायची नाही, असं बंधन कॉलेजवर आहे. मर्यादा ओलांडली तर त्याला ओव्हरअवॉर्ड म्हणतात. वर्क-स्टडीसारख्या काही मदतीत ३०० डॉलरपर्यंतचा फरक चालवून घेतला जातो, त्यापुढे कॉलेजला दुरुस्ती करावीच लागते.

‘कायद्यामुळे आम्हाला ग्रँट कापावी लागली’ असं एड ऑफिसच्या (कॉलेजच्या आर्थिक मदत विभागाच्या) पत्रात असेल तर तुमच्या लेटरवर ते ताडून बघा. गरजेवर आधारित फेडरल मदत तुमच्याकडे किती आहे? लोन ३,५०० आणि वर्क-स्टडी २,५००, मिळून ६,०००. हे ६,००० काढून टाकले की फेडरल नियमाचं त्या पॅकेजमध्ये धरायला काही उरतच नाही. उरलेले २,००० कॉलेजने ग्रँटमधून कापले तर ते कॉलेजचं स्वतःचं धोरण झालं. आणि एखाद्या कॉलेजने लोन, वर्क-स्टडी तशीच ठेवून सरळ ८,००० ग्रँटच कापली, तर तो क्रम शंभर टक्के त्यांनीच ठरवलेला आहे. धोरण असेल तर त्यावर बोलता येतं, म्हणून हा फरक माहीत हवा.

आता तुमच्याच आकड्यांवर तीन कॉलेजं बघा.

पहिलं कॉलेज म्हणतं, बाहेरचा पैसा आधी सेल्फ-हेल्पवर पडेल. सेल्फ-हेल्प म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः उचलायचा भार, लोन आणि नोकरी. ३,५०० चं लोन गेलं, २,५०० ची वर्क-स्टडी गेली, राहिलेले २,००० ग्रँटमधून. नवी ग्रँट ५४,०००. मुलीच्या डोक्यावरचं पहिल्या वर्षाचं कर्ज शून्य, नोकरीची सक्ती नाही. ८,००० पैकी ६,००० चा खरा उपयोग झाला. नामवंत खाजगी कॉलेजांत हा क्रम बऱ्यापैकी प्रचलित आहे. काही ठिकाणी लोन मुळातच देत नाहीत, तिथे बाहेरची रक्कम आधी उन्हाळी कमाईच्या अपेक्षेवर (मुलगी सुट्टीत जेवढं कमावेल असं कॉलेज धरतं त्यावर) आणि टर्ममधल्या नोकरीवर पडते.

दुसरं कॉलेज सरळ ग्रँटला हात घालतं. ५६,००० चे ४८,००० होतात. लोन तसंच, नोकरी तशीच, तुमचे २४,००० तसेच. मुलीने आठ हजार मिळवले आणि घरात एक डॉलरचा फरक पडला नाही. इथे तुमच्या मित्रांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरतं.

तिसरं कॉलेज पूर्ण गरज भागवतच नाही. समजा ग्रँट ५६,००० ऐवजी ४६,००० दिली असती, तर १०,००० ची फट उरली असती, आणि एसएआयच्या २४,००० वर हे दहा हजारही तुम्हालाच उभे करावे लागले असते. अशा कॉलेजात बाहेरचे ८,००० सहसा त्या फटीत जातात आणि कशालाही धक्का लागत नाही. अमेरिकेतली बहुसंख्य कॉलेजं या तिसऱ्या प्रकारात मोडतात, हे विसरू नका. म्हणून ‘स्कॉलरशिप मिळवून उपयोग नसतो’ हे विधान सरसकट फिरवणं चुकीचं. ते ज्या थोड्या कॉलेजांना लागू पडतं, ती आपल्या लोकांच्या यादीत नेमकी वरच्या नंबरावर असतात, एवढंच.

मेरिटवर मिळालेल्या पैशाची गोष्ट निराळी. कॉलेजने मार्कांवर किंवा गुणांवर दिलेली मेरिट स्कॉलरशिप गरजेशी बांधलेली नसते, त्यामुळे बाहेरच्या रकमेमुळे ती सहसा हलत नाही. दोन अपवाद लक्षात ठेवा. सगळी मदत मिळून एकूण खर्चाच्या वर गेली, तर काहीतरी कमी होणारच. आणि काही मेरिट स्कॉलरशिप फक्त ट्यूशनपुरत्या असतात. बाहेरची स्कॉलरशिपही ‘ट्यूशनसाठीच’ अशी आली तर एकाच खर्चावर दोन दावेदार उभे राहतात आणि एकाला माघार घ्यावी लागते.

पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारी फेडरल ग्रँट) तुमच्या पॅकेजमध्ये नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन्ही वर्षांत पेलची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती. बाहेरच्या चार-पाच हजारांच्या स्कॉलरशिपमुळे पेल कमी होत नाही. मात्र १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या नियमात, फेडरल नसलेल्या ग्रँट आणि स्कॉलरशिप यांतूनच एकूण खर्च पूर्ण भागत असेल तर पेल मिळणार नाही. फुल राइड, म्हणजे सगळा खर्च भागवणारी स्कॉलरशिप, मिळालेल्या मुलांनी हे आधीच विचारून घ्यावं.

राज्यांच्या कायद्यांबद्दल अर्धवट माहिती बरीच फिरते. बाहेरच्या स्कॉलरशिपमुळे ग्रँट कापण्यावर पहिलं बंधन मेरीलँडने २०१७ मध्ये घातलं, तेही तिथल्या सार्वजनिक कॉलेजांवर. पुढे न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया यांनीही कायदे केले. कॅलिफोर्नियाचा कायदा २०२३-२४ पासून लागू झाला आणि तो पेल किंवा तिथल्या ड्रीम अ‍ॅक्टखाली (कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित विद्यार्थ्यांसाठीच्या कायद्याखाली) मदतीला पात्र असलेल्या विद्यार्थ्यांपुरता आहे. प्रत्येक कायद्याची व्याप्ती वेगळी आहे. शिवाय कॉलेज ज्या राज्यात असेल तिथला कायदा बघायचा, तुम्ही कुठे राहता याला महत्त्व नाही. तुम्ही न्यू जर्सीत राहता म्हणून मॅसॅच्युसेट्समधल्या कॉलेजला न्यू जर्सीचा कायदा दाखवता येणार नाही. कॉलेज कुठल्या राज्यात आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते खाजगी आहे, म्हणून कायद्यावर भिस्त न ठेवता धोरणावरच बोलायची तयारी ठेवा.

आता ‘गप्प बसा’ या सल्ल्याबद्दल. तो ऐकू नका, आणि हे मी नैतिकता म्हणून सांगत नाही. बहुतेक स्कॉलरशिपचे चेक थेट कॉलेजच्या नावाने, किंवा कॉलेज आणि विद्यार्थी दोघांच्या नावाने निघतात. असा चेक बर्सरच्या, म्हणजे फी जमा करणाऱ्या, ऑफिसात पोचला की विद्यार्थ्याच्या खात्यावर त्याची नोंद होते आणि ती एड ऑफिसला दिसते. थोडक्यात, कॉलेजला कळतंच, फक्त उशिरा कळतं. आणि उशिरा कळण्याचा तोटा तुम्हाला. तोपर्यंत लोन उचललेलं असतं, ग्रँट पहिल्या सेमिस्टरला जमा झालेली असते, आणि जानेवारीत अचानक स्प्रिंगचं बिल दोन-तीन हजारांनी वाढून येतं. वर्क-स्टडीचे पैसे मुलीने कमावून झालेले असतील तर ती ओळ मागे घेताही येत नाही, मग कात्री ग्रँटवरच चालते. एड घेताना बाहेरची मदत कळवणं बंधनकारक आहे, अशी अट बहुतेक अवॉर्ड लेटरच्या शर्तींत असतेच, आणि ती तुम्ही स्वीकारलेली असते.

कळवायचं कुणाला, यातही गोंधळ होतो. फाफ्सात बाहेरच्या स्कॉलरशिप लिहायला जागाच नाही, त्यामुळे तो उघडून दुरुस्ती करत बसू नका. कळवायचं ते कॉलेजच्या एड ऑफिसला. बऱ्याच कॉलेजांच्या विद्यार्थी पोर्टलवर ‘आउटसाइड अवॉर्ड’ असा छोटा फॉर्म असतो. पण तो फॉर्म भरण्याआधी एक ईमेल पाठवा. ईमेल मुलीच्या नावाने, तिच्या विद्यार्थी क्रमांकासह जाऊ दे. तुम्ही फोन केलात तर गोपनीयतेच्या नियमामुळे ऑफिस तुमच्याशी मोकळेपणाने बोलेलच असं नाही.

त्या ईमेलमध्ये ‘माझी ग्रँट कमी होईल का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘होऊ शकते’ असं येतं आणि विषय संपतो. असं विचारा : बाहेरची स्कॉलरशिप लोन, वर्क-स्टडी आणि कॉलेज ग्रँट यांतून कुठल्या क्रमाने वजा केली जाते? लोन आणि वर्क-स्टडी यांत आधी काय कमी करायचं हे मी निवडू शकते का? माझ्या बाबतीत किती रकमेपर्यंत ग्रँटला हात लागणार नाही? स्कॉलरशिप एकाच वर्षाची असेल तर पुढच्या वर्षी ग्रँट मूळ पातळीवर येते का? या वर्षीची रक्कम पुढच्या वर्षावर ढकलली तर चालेल का? उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. पुढच्या वर्षी ऑफिसातला माणूस बदललेला असतो.

लोन आधी की वर्क-स्टडी आधी, यावर माझं मत : लोन आधी. वर्क-स्टडी म्हणजे हातात मिळालेले पैसे नाहीत, काम करून मिळवायची मुभा आहे. तासाला १५ डॉलर धरले तर २,५०० साठी साधारण १६७ तास, म्हणजे तीस आठवड्यांत आठवड्याला साडेपाच तास. लायब्ररीच्या काउंटरवर किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या लॅबमध्ये एवढा वेळ पहिल्या वर्षीची मुलं आरामात काढतात. कॅम्पसवरच्या कित्येक जागा वर्क-स्टडी असलेल्यांसाठी राखलेल्या असतात, आणि ही कमाई पुढच्या फाफ्सात उत्पन्न म्हणून अंगावरही येत नाही. लोन मात्र पदवीनंतर फेडायचंच असतं.

लोन कमी होतं तेव्हा नेमकं काय होतं तेही बघून घ्या. पहिल्या वर्षीच्या, पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला फेडरल डायरेक्ट लोन ५,५०० पर्यंत मिळू शकतं. त्यातलं जास्तीत जास्त ३,५०० सब्सिडाइज्ड, म्हणजे शिक्षण चालू असेपर्यंतचं व्याज सरकार भरतं. स्कॉलरशिपमुळे गरज कमी झाली की ही सब्सिडाइज्ड पात्रता कमी होते, पण ५,५०० ची एकूण मर्यादा तशीच राहते. एकूण खर्चात जागा असेल तर तेवढंच कर्ज अनसब्सिडाइज्ड म्हणून घेता येतं, त्यावर व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. तुमचे २४,००० उभे करताना ओढाताण होणार असेल तर हा दरवाजा उघडा आहे एवढं लक्षात असू द्या. कॉलेजने ते नवीन लेटरमध्ये आपणहून दाखवलं म्हणून निमूट ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबू नका.

समजा उत्तर आलं की आधी सेल्फ-हेल्प, मग ग्रँट. म्हणजे तुमचे ६,००० सुरक्षित आणि २,००० कॉलेजच्या पदरात. हे दोन हजार वाचवायला तीन जागा आहेत.

पहिली जागा स्कॉलरशिप देणाऱ्याकडे. कंपनीच्या योजनेत रक्कम पुढच्या वर्षावर ढकलता येते का, ते विचारा. ५,००० पैकी ३,००० या वर्षी आणि २,००० पुढच्या वर्षी, असं झालं की या वर्षी एकूण बाहेरचे ६,००० होतात आणि ग्रँट जशीच्या तशी राहते. मोठ्या योजनांचे नियम ताठर असतात, पण मंडळं आणि स्थानिक क्लब याबाबतीत फार समंजस असतात. आपला पैसा मुलीला न मिळता कॉलेजला मिळतोय हे कळलं की तेच मार्ग सुचवतात. इथे मंडळांच्या समितीवरच्या मंडळींनाही एक सांगावंसं वाटतं : पत्रात ‘ट्यूशनसाठी’ असा शब्द सवयीने घालू नका. ‘शिक्षणाच्या कुठल्याही खर्चासाठी, राहणं-जेवण धरून’ असं लिहिलंत तर विद्यार्थ्याचे दोन्हीकडचे, मदतीचे आणि कराचे, पर्याय खुले राहतात. आणि पत्रावर विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, विद्यार्थी क्रमांक, कुठल्या वर्षासाठी आणि रक्कम कशी वाटायची हे लिहा. काहीच लिहिलं नसेल तर कॉलेज सहसा रक्कम फॉल आणि स्प्रिंगमध्ये अर्धी-अर्धी टाकतं. मग ऑगस्टचं बिल भरताना २,००० च्या चेकमधले १,००० च दिसतात आणि पालक घाबरून फोन करतात.

दुसरी जागा एकूण खर्चाची. ८६,००० हा आकडा दगडावरची रेघ नाही. त्यात ट्यूशन, फी, राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास, किरकोळ खर्च असे सरासरी अंदाज असतात. मुलीचा प्रत्यक्ष खर्च जास्त असेल तर कागदपत्रं देऊन तो वाढवून मागता येतो. लॅपटॉप हे सर्वात सोपं उदाहरण. अभ्यासासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरचा वाजवी खर्च बरीच कॉलेजं एकदा धरतात. दुसरं, आरोग्य विमा. तुमच्या कौटुंबिक विम्यात कॉलेजचं शहर बसत नसेल आणि कॉलेजचाच विमा घ्यावा लागत असेल, तर ती रक्कम दोन-तीन हजारांच्याही पुढे जाते आणि सुरुवातीच्या अंदाजात ती धरलेली असेलच असं नाही. खर्च २,००० ने वाढला की गरजही २,००० ने वाढली, आणि तुमचे ते अडलेले दोन हजार त्यात अलगद बसतात. लॅपटॉपची पावती किंवा दुकानाचं कोटेशन आणि मुलीचं चार ओळींचं पत्र, एवढं पुरतं. मात्र हे स्कॉलरशिपच्या ईमेलसोबतच मागा. ग्रँट कापून नवीन लेटर आल्यावर मागितलं तर ते घासाघीस केल्यासारखं दिसतं.

तिसरी जागा म्हणजे नुसती विनंती. ‘ही रक्कम माझ्या उन्हाळी कमाईच्या अपेक्षेऐवजी धरता येईल का?’ असं विचारलं तर काही ऑफिसं हो म्हणतात. नाही म्हणाले तर तिथेच थांबा. दोन हजारांसाठी प्रोव्होस्टपर्यंत पत्रं पाठवू नयेत, पुढची चार वर्षं याच ऑफिसशी गाठ आहे.

दुसऱ्या वर्षाचा विचार आत्ताच करा. क्लबचे १,००० एकदाच मिळणार. नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या स्पर्धेची २,५०० ची स्कॉलरशिपही एकदाच मिळते. ती संपली की गरज पुन्हा वाढते आणि पूर्ण गरज भागवणाऱ्या कॉलेजात पॅकेज नव्याने मांडलं जातं, कारण एड दर वर्षी नव्याने मोजली जाते आणि फाफ्सा दर वर्षी भरावा लागतो. पण गेल्या वर्षी कापलेली ग्रँट आपोआप परत येईल असं गृहीत धरू नका. पूर्ण गरज न भागवणाऱ्या कॉलेजांत पहिल्या वर्षी सढळ हात आणि पुढे चिमूट, असंही चालतं. म्हणून तो चौथा प्रश्न ईमेलमध्ये घातला.

चेक मुलीच्या वैयक्तिक नावाने आला, तर आणखी एक खाचखळगा. ५,००० तिच्या सेव्हिंग खात्यात टाकले आणि ते तसेच पडून असताना पुढचा फाफ्सा भरला, तर ती तिची मालमत्ता धरली जाते. विद्यार्थ्याच्या मालमत्तेचे २० टक्के एसएआयमध्ये मिळवतात, म्हणजे ५,००० मागे १,००० नी एसएआय वाढतो आणि तेवढीच गरज कमी होते. पालकांच्या खात्यातल्या पैशावर हाच दर जास्तीत जास्त ५.६४ टक्के आहे. चेक आला की कॉलेजचं बिल भरून मोकळं व्हा.

कराचा भाग पालक शेवटी बघतात आणि एप्रिलमध्ये पस्तावतात. पदवीच्या विद्यार्थ्याने स्कॉलरशिप ट्यूशन, सक्तीची फी, लागणारी पुस्तकं आणि साहित्य यांवर वापरली तर ती करमुक्त. राहण्या-जेवणावर वापरलेला भाग करपात्र, आणि तो मुलीच्या उत्पन्नात धरतात. कॉलेजकडून १०९८-टी हा कराचा फॉर्म येतो; त्याच्या पहिल्या चौकटीत भरलेली ट्यूशन आणि फी, पाचव्या चौकटीत एकूण स्कॉलरशिप आणि ग्रँट. पाचवीतला आकडा पहिलीपेक्षा मोठा दिसला तर करपात्र भाग निघण्याची शक्यता.

तुमच्याकडे ट्यूशन आणि फी मिळून ६६,००० आहे असं धरू. पहिल्या प्रकारच्या कॉलेजात ग्रँट ५४,००० आणि बाहेरचे ८,००० मिळून ६२,००० होतात. उरले ४,०००. हा आकडा नीट पाहा, कारण अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिटचं (शिक्षणाच्या खर्चावर करातून थेट मिळणाऱ्या सवलतीचं) पूर्ण २,५०० मिळवायला स्कॉलरशिपने न भागलेला ४,००० चाच खर्च लागतो : पहिल्या २,००० चे शंभर टक्के आणि पुढच्या २,००० चे पंचवीस टक्के. दोघांनी मिळून रिटर्न भरताना उत्पन्न १,६०,००० पर्यंत असेल तर हे क्रेडिट पूर्ण मिळतं, १,८०,००० च्या पुढे शून्य. आता गंमत अशी की खर्च वाढवून तुम्ही पूर्ण ५६,००० ची ग्रँट वाचवलीत, तर ५६ आणि ८ मिळून ६४ हजार होतात आणि खर्चाचे उरतात फक्त २,०००. क्रेडिट २,५०० वरून २,००० वर येतं. यावर उपाय कायद्यातच आहे. स्कॉलरशिपच्या अटींत बसत असेल तर त्यातले २,००० राहण्या-जेवणावर खर्च झाले असं धरायचं. तेवढं मुलीच्या उत्पन्नात दाखवायचं, तिची दुसरी मोठी कमाई नसेल तर तिच्या स्टँडर्ड डिडक्शनमध्ये (उत्पन्नातून सरसकट मिळणाऱ्या करवजावटीत) ते जिरून जातं, आणि तुमचं क्रेडिट पुन्हा पूर्ण होतं. मंडळाच्या पत्रात ‘ट्यूशनसाठी’ लिहू नका असं वर म्हटलं, त्याचं हेही एक कारण. आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) ९७० क्रमांकाच्या पुस्तिकेत ही वाटणी उदाहरणांसह दिलेली आहे. तुमच्या सीपीएने (कर सल्लागाराने) ऐकलं नसेल तर तिथे बोट दाखवा.

५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) पैसे साठवले असतील तर स्कॉलरशिपएवढी रक्कम १० टक्क्यांच्या दंडाशिवाय काढता येते. वाढीवरचा आयकर मात्र सुटत नाही. घाई नसेल तर ते पैसे पुढच्या वर्षांसाठी राहू देणंच बरं.

एच-४ वरच्या (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलांचे पालक हे वाचत असतील तर तुमचा हिशेब वेगळा. फेडरल लोन नाही, वर्क-स्टडी नाही, म्हणजे ग्रँटच्या आधी मार झेलायला कुठली ओळच नाही. खाजगी कॉलेजाने स्वतःच्या पैशातून गरजेप्रमाणे ग्रँट दिली असेल तर बाहेरची स्कॉलरशिप पहिल्याच डॉलरपासून ग्रँटवर पडू शकते. अर्ज करण्याआधी धोरण विचारा, आणि बऱ्याच राष्ट्रीय स्कॉलरशिपना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं तेही बघून ठेवा. भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांच्या बाबतीत राहण्या-जेवणाकडे गेलेल्या स्कॉलरशिपच्या भागावर कॉलेज १४ टक्के कर आधीच कापून घेतं. भारत-अमेरिका कर कराराच्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला १०४०-एनआर (अनिवासींचं कर रिटर्न) भरताना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, त्यामुळे तो कर बऱ्याचदा परत मिळतो. पण रिटर्न भरलं तरच.

तुमच्यापुरतं बोलायचं तर १ मेच्या आत डिपॉझिट भरायचं असेल. ईमेल आजच जाऊ दे, कारण एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एड ऑफिसं उत्तर द्यायला आठ-दहा दिवस सहज लावतात. दुसऱ्या कॉलेजचंही लेटर हातात असेल तर तोच ईमेल तिकडेही पाठवा. आठ हजारांपैकी कुठे किती उरतात हे कळलं की दोन लेटरांची तुलना वेगळीच दिसू लागते. कंपनीच्या एचआरला रक्कम विभागण्याबद्दल विचाराल ते कॉलेजचं उत्तर आल्यावर, आधी नाही. किती पुढे ढकलायचे हा आकडा त्या उत्तरातच असणार आहे.